घरच्या वाय-फायची हजेरी: बडोद्यातल्या एका वाड्याची तपासणी

आमच्याकडे फायबर आलं तेव्हा वाय-फायचा डबा, म्हणजे राउटर, बसवायला आलेल्या मुलाने बाबांना विचारलं होतं, "काका, मोबाइल नंबर ज राखी दउं? याद रहेशे." बाबांना ते एकदम पटलं. तेव्हापासून तीन वर्षं दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या वाय-फायचा पासवर्ड म्हणजे बाबांचा मोबाइल नंबर. बाबा गणपती मंडळाचे खजिनदार. त्यामुळे तो नंबर वर्गणीच्या पावतीवर छापून गल्लीतल्या घरोघरी पोचलेला.

संध्याकाळी आठनंतर नेट रांगायला लागलं म्हणून कंपनीला फोन केला. आमच्या बाजूने सगळं बरोबर आहे, असं उत्तर आलं, आणि ते खरंच निघालं. गडबड आमच्या बाजूला होती. एक रविवार, दोन कप चहा आणि वहीचं एक पान एवढ्या भांडवलावर ती सापडली. तीच तपासणी ओळीने सांगतो. संगणकाचं फार ज्ञान लागत नाही. फोन, जमल्यास एक लॅपटॉप आणि चार तास पुरतात.

सुरुवातीला एक बजावून सांगतो. हे सगळं फक्त स्वतःच्या घरच्या नेटवर्कवर करायचं. शेजाऱ्याच्या वाय-फायवर "जरा बघू या" म्हणून हात घातला, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरात भाडेकरू असतील आणि तुमचंच नेट वापरत असतील, तर त्यांनाही आधी सांगा.

आणि "आमच्या नेटमधून कोणाला काय मिळणार आहे?" असं वाटत असेल, तर गुजरातेत राहणाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवत असेल. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका फ्लॅटच्या उघड्या वाय-फायवरून पाठवला गेल्याचं तपासात पुढे आलं. पोलीस पहिल्यांदा पोचले ते त्या फ्लॅटवर. नेट तुमच्या नावावर असेल, तर दार तुमचंच वाजतं.

आधी घराबाहेर पडा

फोनवर एखादं वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या. फुकटचं चालतं. आसपासची सगळी नेटवर्कं, त्यांची ताकद आणि सुरक्षेचा प्रकार ते दाखवतं. ताकद उणे आकड्यात दिसते: उणे ३० म्हणजे राउटरला खेटून, उणे ६५ च्या आसपास म्हणजे काम चांगलं चालेल, आणि उणे ८० च्या खाली जेमतेम.

मी आतून बाहेर चालत गेलो आणि वहीत टिपत गेलो. माजघरात उणे ७८. ओट्यावर उणे ५२. गल्लीत, जिथे दर वर्षी गणपतीचा मांडव पडतो तिथे उणे ६३. म्हणजे स्वयंपाकघरात आईला रेसिपीचा व्हिडिओ दिसायची मारामार, आणि मांडवात बसलेल्या कार्यकर्त्याला मात्र फुल रेंज. कारण उघड होतं. फायबरची तार रस्त्याकडच्या खिडकीतून आत आली, म्हणून डबा तिथेच खिळ्याला लागला. आमच्या जुन्या वाड्याच्या आतल्या भिंती दोन फुटी. लहरी त्यांत मुरतात आणि खिडकीतून मोकळ्या सुटतात.

डबा घराच्या मध्याकडे हलवला की बाहेरची रेंज घटते आणि घरातली वाढते. कारेलीबाग किंवा मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर जिन्यात आणि वरच्या-खालच्या मजल्यावरही मोजून बघा. पण रेंज कमी केली म्हणजे सुरक्षा झाली, असं धरू नका. ज्याला खरंच आत यायचं आहे त्याच्याकडे चांगला अँटेना असतो. हा फायदा मुख्यतः आईच्या रेसिपीचा.

या फेरीत खरी कामाची गोष्ट वेगळी. यादीत स्वतःच्या नावासारखं दुसरं नेटवर्क दिसतंय का ते बघा. आमच्या यादीत आमच्या आडनावाचं एक नेटवर्क अगदी जोरात येत होतं आणि त्यापुढे जुना, कच्चा सुरक्षा प्रकार लिहिलेला. माग काढत माळ्यावर गेलो, तर २०१३ साली घेतलेला राउटर एका तारेला जोडलेला, हिरवा दिवा लुकलुकवत शांतपणे चालू. कधीतरी वरच्या खोलीत रेंज यावी म्हणून मीच लावला होता आणि विसरलो होतो. पुढच्या दाराला नवं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, अशी गत. तो काढून टाकला. अर्धं काम तिथेच झालं.

डब्याच्या आत

आता राउटरचं सेटिंगचं पान उघडायचं. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' असा पत्ता दिसतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, काही कंपन्यांच्या डब्यात १९२.१६८.२९.१. तो ब्राउझरमध्ये टाका. नाव आणि पासवर्ड विचारेल. डब्याच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर ते लिहिलेलं असतं.

इथे पहिली परीक्षा. नाव अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन, असं टाकून दार उघडलं, तर तुम्ही नापास. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे, डब्याच्या मालकीचा पासवर्ड आहे. दोन्ही वेगळे आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यात कसलीही जादू नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, आणि ती एकेक करून लावून बघितली जात होती. हा पासवर्ड आत्ताच बदला, वहीत लिहा, मग पुढे चला.

एक सावधगिरी मात्र पाळा. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढून ठेवा, विशेषतः इंटरनेट जोडणीच्या पानाचा. त्यात कंपनीने दिलेलं लॉगिन असतं. पासवर्ड आठवत नाही म्हणून टाचणीने रिसेटचं बटण दाबायचा मोह फार होतो. दाबलं की त्यासोबत कंपनीचं लॉगिनही पुसलं जाऊ शकतं, आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत घर अंधारात. माझ्या चुलतभावाने ऐन परीक्षेच्या दिवसांत हे केलं होतं. पुतणी अजून बोलून दाखवते.

हजेरी

'जोडलेली उपकरणं' किंवा 'डीएचसीपी यादी' (राउटरने कोणाकोणाला पत्ता दिला त्याची नोंद) असं पान शोधा. या क्षणी तुमच्या नेटवर कोण कोण आहे, ते तिथे दिसतं. ते उघडण्याआधी घरात काय काय वाय-फायवर आहे, याची आठवून यादी करा. आधी वही, मग पडदा. उलट केलंत तर जे दिसेल ते "असेल आपलंच" म्हणून मान्य होतं.

माझ्या वहीत अकरा नोंदी होत्या. पडद्यावर सतरा. सहा जास्तीची.

आता ही सहा ओळखायची कशी? यादीत प्रत्येकापुढे बारा खुणांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची ओळख, असतो. पूर्वी त्याच्या पहिल्या सहा खुणांवरून उपकरणाची कंपनी कळायची. आता अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन स्वतःचा खरा पत्ता न देता प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट पत्ता देतात. त्यामुळे ओळखीचाच फोन परका वाटू शकतो. बनावट पत्त्याची एक खूण आहे: त्याची दुसरी खूण २, ६, ए किंवा ई यांपैकी असते. म्हणजे पत्ता '५ए' किंवा 'डी६' ने सुरू होत असेल, तर तो बहुधा एखादा फोन किंवा लॅपटॉप. तशी खूण नसेल, तर टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर किंवा जुना फोन असण्याची शक्यता जास्त.

मग एकेक उपकरणाचं वाय-फाय बंद करत जा आणि यादीतून कोण गळतं ते बघा. या कामाला घरातली सगळी माणसं लागतात. "बाबा, तुमचा बंद करा. आता चालू. आता आईचा." असा तासभर तमाशा चालतो, पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

आमच्या सहांपैकी एक तो माळ्यावरचा राउटर निघाला; काढला तरी यादीत त्याची नोंद अजून उरलेली. दुसरा भाच्याने गीझरला लावून दिलेला स्मार्ट प्लग. दोन फोन मंडळाच्या पोरांचे: गणपतीत आरती लाइव्ह करायला बाबांनी पासवर्ड दिला होता आणि फोन काही विसरत नाहीत. पोरं ओट्यावर गप्पा मारत बसली की ते आपोआप जोडले जायचे. पाचवा फोन शेवटपर्यंत कळला नाही. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवायला जमलेल्या तीस-चाळीस पाहुण्यांपैकी कोणीतरी असावा, आणि तो अजून जवळपासच राहतो, एवढंच.

सहावा एक टीव्ही होता. आमचा टीव्ही तर बंद केलेला. राउटरमध्ये उपकरण अडवायची सोय असते, ती वापरून मी त्याला अडवलं आणि वाट बघत बसलो. दहा मिनिटांत शेजारच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "अरे, तुमचं नेट गेलं का रे? आमची मालिका अडकली."

दोन वर्षांपूर्वी त्यांचं नेट आठ दिवस बंद होतं, तेव्हा आईनेच पासवर्ड दिला होता. आई हे पूर्ण विसरली होती. काकू विसरल्या नव्हत्या, पण त्यांना ते त्यांचंच नेट वाटत होतं. आठनंतर नेट का रांगायचं, तेही कळलं. आठ ही मालिकांची वेळ.

कुलूप कोणत्या जातीचं

वायरलेस सुरक्षेच्या पानावर सुरक्षेचा प्रकार लिहिलेला असतो. डब्ल्यूईपी असेल तर ते कुलूपच नव्हे. १९९७ सालच्या मूळ वाय-फाय मानकातली ही पद्धत २००१ मध्येच मोडीत निघाली. नुसतं डब्ल्यूपीए किंवा 'टीकेआयपी' लिहिलं असेल, तर तेही बदला. २००३ सालची ती तात्पुरती मलमपट्टी होती. किमान डब्ल्यूपीए-२ आणि त्यात 'एईएस' हवं. २०१८ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए-३ मिळत असेल, तर उत्तम. जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ दोन्ही चालवणारा मिश्र पर्याय निवडा. आयफोनवाल्यांना सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावाखाली कमजोर सुरक्षेचा इशारा दिसत असेल, तर तो याच जुन्या प्रकारांबद्दल असतो.

डब्ल्यूपीए-२ आणि ३ मधला फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण पासवर्ड किती लांब हवा ते त्यावर ठरतं. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. तीत पासवर्ड जात नाही, पण पासवर्डपासून बनलेली एक खूण जाते. ओट्याबाहेर बसलेला माणूस ती हवेतून टिपू शकतो. मग घरी जाऊन स्वतःच्या संगणकावर सावकाश एकेक पासवर्ड लावून बघतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. डब्ल्यूपीए-३ मध्ये ही घरी बसून केलेली तालीम चालत नाही. प्रत्येक अंदाज राउटरला विचारावा लागतो.

आता हिशेब बघा. चांगल्या ग्राफिक्स कार्डचा एक संगणक डब्ल्यूपीए-२ चे सेकंदाला सुमारे दहा लाख पासवर्ड तपासतो. आठ आकडी पासवर्ड, म्हणजे जन्मतारीख वगैरे, एकूण दहा कोटी शक्यता: शंभर सेकंद. मोबाइल नंबर दहा आकडी, पण आपल्याकडे पहिला आकडा ६ ते ९ यांपैकीच, म्हणून ४०० कोटी शक्यता: ४,००० सेकंद, तासाच्या थोडं वर. चहा, सेव उसळ आणि परत येईपर्यंत बाबांचा नंबर हातात. आणि वर्गणीची पावती असेल, तर तेवढीही वाट बघायला नको.

पासवर्डात मोठं अक्षर, चिन्ह, आकडा असला की झालं, असं आपल्याला शिकवलं गेलं. त्यातून निपजतात नावापुढे 'अ‍ॅट' आणि १२३ लावलेले पासवर्ड. असे पासवर्ड चोरांच्या यादीत अगदी वरच्या पानावर असतात. मला शब्दांची माळ पटते. एखादा मराठी शब्दकोश डोळे मिटून उघडा, बोट ठेवा, शब्द घ्या. मनाने निवडू नका, मन नेहमी देवाचं, गावाचं किंवा नातवाचं नाव निवडतं. ओळखीच्या दोन हजार शब्दांतून असे चार शब्द घेतले, तर त्याच संगणकाला सहा महिने लागतात. पाच घेतले तर हजार वर्षं. एका शब्दाने एवढा फरक पडतो. रोमन लिपीत जोडून लिहा. वाय-फायचा पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो, त्यामुळे पाच शब्द आरामात बसतात. टीव्हीच्या रिमोटवर तो टाकताना शिव्या बसतील, ते गृहीत धरा.

नेटवर्कच्या नावाकडेही एक नजर टाका. आडनाव आणि घर नंबर असलेलं नाव म्हणजे गल्लीत पाटी लावणं. कंपनीचं मूळ नावही ठेवू नका. नाव हा खुणेच्या गणिताचा भाग असतो, आणि ठरावीक नावांसाठी तयार गणितं करून ठेवलेली मिळतात.

आठ आकड्यांची खिडकी

त्याच पानाच्या आसपास 'डब्ल्यूपीएस' असं काहीतरी असतं. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन उपकरण जोडायची ही सोय. बंद करा. डिसेंबर २०११ मध्ये उघड झालं, की राउटर ही पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला तुकडा बरोबर की चूक ते सांगून टाकतो. पहिले चार आकडे म्हणजे दहा हजार शक्यता. उरलेल्या चारांतला शेवटचा आकडा बाकीच्यांवरून निघतो, म्हणून तिथे फक्त एक हजार. एकूण अकरा हजार प्रयत्न, आणि मग तुमच्या पाच शब्दांच्या माळेला काही अर्थ उरत नाही.

बंद केल्यावर अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये परत बघा. तुमच्या नावापुढे डब्ल्यूपीएस ही अक्षरं अजून दिसत असतील, तर डब्याने ऐकलेलं नाही. काही डब्यांमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर ते वेगवेगळं बंद करावं लागतं. माझ्याकडे एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू होतं.

पत्ते सांगणारा कोण

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून थोडं थांबतो. ब्राउझरमध्ये बँकेचं नाव टाकलं की त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. राउटरमध्ये डीएनएस सर्व्हरचे पत्ते लिहिलेले असतात. कोणी आत शिरून तेवढे बदलले, तर घरातल्या सगळ्या फोनना पत्ते सांगणारा माणूस चोराचा होतो. बाहेरून सगळं नेहमीसारखंच दिसतं. 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसने लाखो संगणकांवर हेच केलं होतं. टोळी पकडल्यावरही त्यांचे सर्व्हर लगेच बंद करता आले नाहीत, कारण तसं केल्यास त्या सगळ्यांचं नेट जाणार होतं. शेवटी ९ जुलै २०१२ ला ते बंद झाले.

इंटरनेट किंवा वॅनच्या (म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या) आणि डीएचसीपीच्या अशा दोन्ही पानांवर डीएनएस बघा. 'आपोआप' असेल तर कंपनीचे पत्ते येतात, ठीक आहे. ८.८.८.८ हा गूगलचा, १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा. यांपैकी काहीच नसून तुम्ही कधी न टाकलेला परका आकडा दिसला, तर कंपनीला फोन करून तो त्यांचा आहे का विचारा. नसेल तर पाने फोटोत घ्या, राउटरचा पासवर्ड बदला, डीएनएस दुरुस्त करा, मग बँकेचे पासवर्ड दुसऱ्या जोडणीवरून बदला. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन. तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

बाहेरून दार ढकलून बघणं

आतापर्यंत गल्लीतून येणाऱ्यांचा विचार झाला. आता इंटरनेटकडून येणाऱ्यांचा. राउटरच्या स्थितीच्या पानावर वॅनचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) टिपा. मग "माझा आयपी" असं शोधून एखादं संकेतस्थळ काय पत्ता दाखवतं ते बघा. दोन्ही सारखे असतील, तर तुमचा डबा थेट इंटरनेटवर आहे. राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवलेलं आहे. बाहेरच्याला थेट तुमच्यापर्यंत पोचणं मग अवघड. फक्त हा आडोसा जुन्या पद्धतीच्या पत्त्यांनाच लागू आहे. आयपीव्ही-६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, चालू असतील, तर त्यांची फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारी भिंत) चालू आहे ना, ते वेगळं बघा.

पत्ते सारखे असतील तर एक सोपी चाचणी करा. फोनचं वाय-फाय बंद, मोबाइल डेटा चालू, आणि ब्राउझरमध्ये तो वॅनचा पत्ता टाका. तुमच्या राउटरचं लॉगिन पान उघडलं, तर ते जगात कोणालाही उघडतं. 'रिमोट मॅनेजमेंट' शोधा आणि बंद करा.

'पोर्ट फॉरवर्डिंग'ची, म्हणजे बाहेरून थेट घरातल्या वस्तूपर्यंत उघडलेल्या दारांची, यादी रिकामी हवी. आमच्याकडे एक नोंद होती. कॅमेरे बसवणाऱ्याने "फोनवर कुठूनही दिसेल" म्हणून केलेली. कॅमेऱ्याचं अ‍ॅप त्याच्याशिवायही चालतं, म्हणून काढून टाकली. 'यूपीएनपी' ही सोय उपकरणांना तुम्हाला न विचारता अशी दारं उघडू देते. तीही बंद. गेमिंग करणारं कोणी घरात असेल तर भांडण होईल. आमच्याकडे झालं.

'टीआर-०६९' असं काही दिसलं, तर ते कंपनीने दुरून डबा सांभाळायचं साधन आहे. ते बंद केलं की कंपनीची मदत आणि अपडेट दोन्ही थांबतात, त्यामुळे मी त्याला हात लावलेला नाही. पण ते निष्पाप नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच वाटेने झालेल्या हल्ल्यात सुमारे नऊ लाख राउटर कोलमडले होते.

घरातल्या वस्तूंची झडती

लॅपटॉप असेल तर एनमॅप हे मोफत साधन घ्या, त्याचं चित्रमय रूप झेनमॅप. १९९७ पासूनचं हे साधन आजही जगभरचे लोक वापरतात. लक्ष्याच्या चौकटीत १९२.१६८.१.०/२४ टाका (तुमच्या गेटवेचे पहिले तीन आकडे जे असतील ते), 'रेग्युलर स्कॅन' निवडा आणि चालवा. कोणत्या वस्तूची कोणती दारं उघडी आहेत, ते आकड्यांत येईल.

२३ उघडा म्हणजे टेलनेट, दुरून हुकूम द्यायची जुनी सोय. घरच्या कुठल्याही वस्तूला आज त्याची गरज नाही, मिराई याच दारातून शिरायचा. ५५४ हा कॅमेऱ्याचा चित्रप्रवाह. असू दे, पण त्याला चांगला पासवर्ड हवा. ९१०० प्रिंटर. ४४५ म्हणजे लॅपटॉपमधली वाटून दिलेली फोल्डरं. गरज नसेल तर बंद. ५५५५ उघडा दिसला तर स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स तपासा. त्यात विकासकांसाठीचं दार उघडं राहिलेलं असतं. ते बंद होत नसेल, तर तो बॉक्स काढून टाका, असं माझं मत.

आमच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचा पासवर्ड कारखान्यातला होता. तो कॅमेरा देवघराच्या दारावर रोखलेला. आईला हे सांगितलं, तेव्हा या सगळ्या उद्योगाला तिचा पहिल्यांदा पाठिंबा मिळाला.

राउटरचं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, तेही बघा. स्वतः विकत घेतलेला असेल तर अपडेटचं बटण असतं. कंपनीचा डबा असेल तर अपडेट त्यांच्याकडूनच येतो. तारीख अनेक वर्षं जुनी असेल, तर डबा बदलून मागा. संगणकात काही शिरल्याचा संशय असेल, तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं आहेत.

ज्यात वेळ घालवू नये

नेटवर्कचं नाव लपवणं. ऐकायला भारी वाटतं, पण लपवलेलं नाव फोन जोडला जाताना हवेत येतंच. शिवाय फोन खंडेराव मार्केटात गेला तरी त्या नावाला हाका मारत फिरतो. दुसरं, ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश देणं. ते पत्ते हवेत उघडे फिरतात आणि कोणीही ते धारण करू शकतो. वर तुमचेच फोन बनावट पत्ते देत असल्यामुळे तुमचीच अडवणूक होते. मी काकूंच्या टीव्हीला अडवलं ते ओळखण्यापुरतं. ते काही कुलूप नव्हे.

पाहुण्यांची खोली वेगळी

शेवटची आणि मला सगळ्यात आवडलेली सोय: गेस्ट नेटवर्क. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि तिथल्या उपकरणांना आतल्या लॅपटॉप-प्रिंटरपर्यंत पोचता येत नाही. 'स्थानिक नेटवर्कला प्रवेश' किंवा तशी खूण काढलेली आहे ना, ते बघा, आणि त्यावर जोडलेल्या फोनवरून राउटरचं पान उघडतं का ते तपासा. उघडायला नको. टीव्ही, कॅमेरे, गीझरचा प्लग यांनाही मी तिथेच बसवलं. त्यांना फक्त इंटरनेट हवं असतं, आपल्या फोल्डरांशी त्यांचं काही काम नाही.

मुख्य पासवर्ड बदलायचा दिवस निवडताना मात्र घरातल्यांचं वेळापत्रक बघा. सगळ्या वस्तू नव्याने जोडाव्या लागतात. स्मार्ट प्लग बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा फोन आधी त्या पट्ट्यावर आणावा लागतो. सगळ्यात जास्त छळ प्रिंटरने केला. शेवटी त्याला तारेने जोडून टाकलं.

गेस्टचा क्यूआर कोड छापून जिन्यात गच्चीच्या दाराशी लावलाय. उत्तरायण झालं की त्याचा पासवर्ड बदलतो आणि नवा कोड चिकटवतो. तो कोड स्कॅन करणाऱ्याला पासवर्ड अक्षरांत वाचता येतो, म्हणून मुख्य नेटवर्कचा कोड घरात कुठेही लावायचा नाही, असं ठरलंय. मुख्य पासवर्ड आईच्या कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांच्या वहीत आहे.

काकूंच्या टीव्हीला गेस्टवर घेतलं आणि त्या नेटवर्कला वेगाची मर्यादा घातली. मालिका नीट दिसते. परवा गॅलरीतून म्हणाल्या, "आता क्रिकेट जरा धूसर दिसतं रे." त्यावर अजून काही केलेलं नाही.